एलएलबीसाठी लोन काढताय? आधी मोरेटोरियमचं व्याज समजून घ्या

सीईटी (प्रवेश परीक्षा), कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी), ॲटेंडन्स हे तुम्हाला माहीत असेलच. मी कळव्याची, तीन वर्षांचं एलएलबी लोन काढून केलं, आता ठाणे कोर्टात ज्युनिअर आहे आणि हप्ता अजून चालू आहे.

बँकेत सांगितलं, कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत काही भरायचं नाही, यालाच मोरेटोरियम म्हणतात. मला आणि बाबांना वाटलं तोपर्यंत व्याजही नाही. तसं नसतं! हप्ता थांबतो, व्याज पहिल्या चेकपासून चढतं. समजा बँकेने दरवर्षी 1,20,000 फी भरली, दर 10 टक्के. पहिल्या वर्षाच्या रकमेवर चार वर्षांचं व्याज 48,000, दुसऱ्यावर 36,000, तिसऱ्यावर 24,000, म्हणजे सरळव्याजानेच 1,08,000 झाले, ते मुद्दलात टाकून मग हप्ता बांधतात, तुम्ही घेतले 3,60,000 आणि फेडायला सुरुवात 4,68,000 पासून. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला फक्त हजार रुपये येतं. तेवढे आम्ही भरले असते हो, कोणी सांगितलंच नाही.

आणि कॅपमधूनच सीट घ्या. मॅनेजमेंट कोट्याच्या सीटवर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलची) फी सवलत मिळत नाही, एजंट काहीही सांगू दे.

आता कमाईचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना 20,000 द्यावेत असं सुचवलंय, पण सक्ती नाही. माझे पहिले सीनिअर फक्त येण्याजाण्याचे पैसे द्यायचे, वर "शिकायला मिळतंय ना" ऐकवायचे, आणि शिकवायचे काय तर तारखा घेणं. अशा ठिकाणी सहा महिन्यांच्या वर थांबू नका, स्पष्ट सांगते. आत्ताच्या मॅडम माझा प्रत्येक ड्राफ्ट समोर बसवून दुरुस्त करतात, अशी माणसंही कोर्टात आहेत.

सनद (वकिलीचा परवाना) घेतली की फुलटाइम पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे हप्ता नोकरीतून फेडायचा की प्रॅक्टिसमधून हे लोनच्या सहीआधी घरी बसून ठरवा. पास होऊन लगेच जेएमएफसी (कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा) देऊ हा प्लॅनही आता चालत नाही, मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची जुनी अट पुन्हा आली आहे.

पण घाबरून सीट सोडू नका. सनदेची फीसुद्धा जुलै 2024 च्या निकालानंतर ओपनला 750 रुपयेच आहे, आधी हजारो जायचे. बँकेत गेलात की एवढंच विचारा, "कोर्स चालू असताना नुसतं व्याज भरलं तर चालेल का, आणि व्याजदरात काही सूट मिळेल का?" उत्तर लेखी घ्या.