टीव्हीचं कनेक्शन, डिपॉझिट आणि सिबिल: या चुका टाळा

‘सिबिल खराब आहे, मग डिश मिळेल काय?’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा प्रश्न आजही विचारला जातो. सिबिल म्हणजे आपण घेतलेलं कर्ज कसं फेडतो याची नोंद. उत्तर सरळ आहे: मिळेल. आपल्याकडे डिश प्रीपेड चालते. आधी रिचार्ज, मग चॅनेल. रिचार्ज संपला की पडदा काळा. कंपनीची उधारी तुमच्याकडे राहतच नाही, तर तुमची पत तपासायची तिला गरज काय? केबलचंही बहुतेक ठिकाणी तसंच आहे. महिन्याचे पैसे थकले तर केबलवाला लाइन बंद करतो, त्याचा सिबिलशी संबंध येत नाही.

हे नीट माहीत नसल्यामुळे लोक दोन प्रकारे फसतात. काहीजण उगाच घाबरून पुतण्याच्या किंवा भाच्याच्या नावावर कनेक्शन घेतात. काहीजण उलट वागतात. दुकानात पॅन कार्ड मागितलं की देतात, ओटीपी मागितला की सांगतात, आणि आपण कर्ज घेतलंय हे त्यांना हप्ता कापला गेल्यावर कळतं. दुसरी चूक जास्त महागात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण न वाचणं

गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर टीव्हीच्या दुकानांत फायनान्स कंपनीची पोरं टेबल मांडून बसलेली असतात. टीव्ही, वर डिश, वर सहा महिन्यांचा रिचार्ज, सगळं एकत्र आणि ‘आत्ता काही भरायचं नाही’. साध्या डिशसाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. पॅन, बँक खात्याचा नंबर, फोटो आणि ओटीपी एवढं सगळं मागितलं, तर समोर कर्जाचा अर्ज आहे असं समजा. ‘मामा, ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा की,’ असं तो पोरगा गोड बोलून म्हणतो. तो मेसेज उघडा आणि वाचा. इंग्रजी येत नसेल तर सोबतच्या कुणाकडून वाचून घ्या. ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. एक ओटीपी तुमचा सिबिल रिपोर्ट बघायची परवानगी असतो, दुसरा कर्जाच्या अटी मान्य असल्याचा, तिसरा दरमहा खात्यातून पैसे कापायचा. तीनही वेळा ‘सांगा की’ एकाच सुरात म्हटलं जातं.

कर्ज घेण्यात वाईट काही नाही. हप्त्यावर टीव्ही घेऊन वेळेत फेडणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत, त्यांचं सिबिल त्यामुळे सुधारलंही आहे. पण कर्ज घेताना ते कर्ज आहे हे माहीत असलं पाहिजे.

आपल्या भागातल्या फार कमी लोकांना एक हक्क माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जाआधी ग्राहकाला मुख्य बाबींचं एक पत्रक द्यावं लागतं. इंग्रजीत त्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. कर्ज किती, सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती, हप्ते किती, कुठली फी किती, हे सगळं त्यात असतं. जी फी त्या पत्रकात नाही, ती तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मागून लावता येत नाही. आणि हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, असं नियमच सांगतो. म्हणजे येळ्ळूरच्या किंवा उचगावच्या माणसाला कन्नड आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर तो मराठीतलं पत्रक मागू शकतो. दुकानदारावर तो उपकार होत नाही आणि भाषेचा वादही होत नाही. साधा ग्राहकाचा हक्क आहे तो. पत्रक हातात आल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. ‘ऑफर आज संध्याकाळी संपतेय’ हे दुकानाचं म्हणणं झालं, कर्जाचा नियम नव्हे.

आगाऊ हप्त्यांना डिपॉझिट समजणं

समजा टीव्ही 24,000 रुपयांचा आहे. योजना 12 महिन्यांची, महिना 2,000. दुकानात सांगतात, ‘आत्ता 8,000 भरा, बाकी हप्त्यानं.’ घरी येऊन माणूस बायकोला सांगतो, आठ हजार डिपॉझिट भरलंय. ते डिपॉझिट नसतं. ते चार हप्ते आगाऊ घेतलेले असतात, राहतात आठ. वर्षभरानं ‘माझे आठ हजार परत द्या’ म्हणत दुकानात गेलेला माणूस खोटं बोलत नसतो, त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. शिवाय ‘नो कॉस्ट’ म्हटलेल्या हप्त्यातही प्रोसेसिंग फी असू शकते आणि तिच्यावर जीएसटी लागतो.

दुकानात हातातून पैसे सुटण्याआधी एकच गोष्ट विचारा: यातले कुठले पैसे मला परत मिळणार, कधी, आणि ते कुठल्या कागदावर लिहिलंय? परत मिळणारे पैसे पावतीवर ‘परतावा मिळण्याजोगे’ किंवा इंग्रजीत ‘रिफंडेबल’ असे वेगळ्या ओळीत लिहिलेले नसतील, तर ते गेले असं धरून चाला.

ऊसबिलाच्या भरवशावर दरमहाचा हप्ता

बेळगाव जिल्हा उसाचा. शेतकऱ्याच्या हातात पैसा दरमहा येत नाही, कारखाना बिल काढेल तेव्हा येतो. फायनान्स कंपनीचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला खात्यावर धडकतो. खात्यात 1,900 असतील आणि हप्ता 2,000 चा असेल, तर शंभरासाठी हप्ता परत जातो. मग बँक दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा दंड लावते, आणि उशिरा भरल्याची नोंद सिबिलवर जाते. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेलं की बँकेचा मॅनेजर तीच नोंद दाखवतो. टीव्हीच्या दोन हजारापायी ट्रॅक्टरचं कर्ज अडलेलं बघून फार वाईट वाटतं.

ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांनी एक तर बिल आल्यावर रोखीनं टीव्ही घ्यावा, नाहीतर उरलेल्या सगळ्या हप्त्यांएवढी रक्कम आधीच त्या खात्यात ठेवून त्याला हात लावू नये.

हप्ता परत गेलाच असेल तर काय करायचं? त्याच दिवशी कंपनीच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन भरा. दारात वसुलीला आलेल्या माणसाला पावतीशिवाय रोख देऊ नका. आणि ‘थोडे कमी भरा, मिटवून टाकू’ असं कुणी सांगितलं तर जपून. तडजोडीनं मिटवलेलं कर्ज रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, पूर्ण फेडलेलं ‘क्लोज्ड’ म्हणून. दुसरी बँक या दोन्हींकडे सारख्या नजरेनं बघत नाही. शेवटचा हप्ता गेल्यावर ‘नो ड्यूज’चा दाखला मागून घ्या.

पुतण्याच्या कार्डावर टीव्ही घेतला असेल, तर वरचं सगळं पुतण्याला लागू होतं. हप्ता चुकवला काकानं, नोंद पडली पोराच्या नावावर.

बॉक्सच्या डिपॉझिटचा कागद न ठेवणं

बॉक्स विकत, भाड्यानं किंवा परताव्याचं डिपॉझिट भरून मिळू शकतो. फायबर इंटरनेटसोबत टीव्हीचा बॉक्स घेतला तर राउटरसाठीही डिपॉझिट मागितलं जाऊ शकतं. यातलं आपण नेमकं काय केलंय हे घरात कुणालाच सांगता येत नाही, असं कितीतरी ठिकाणी दिसतं. गल्लीतल्या केबलवाल्याच्या वहीत नावापुढे टिक असते, तीच पावती. पुढे तो केबलवाला धंदा दुसऱ्याला विकतो, नवा माणूस नवा बॉक्स बसवतो आणि जुन्या डिपॉझिटबद्दल हात वर करतो. त्याच्या दृष्टीनं ते पैसे त्यानं घेतलेलेच नसतात.

म्हणून पावती हवीच. तिच्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव, रक्कम कशाबद्दल, आणि बॉक्सच्या मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर असावा. त्या स्टिकरचा फोटो बसवतानाच काढून ठेवा. पैसे बसवायला आलेल्या पोराच्या खासगी नंबरवर पाठवू नका, कंपनीच्या किंवा दुकानाच्या खात्यावर भरा. विकत घेतलेल्या बॉक्सला एक वर्षाची वॉरंटी असते, त्या काळात दुरुस्तीचे पैसे मागितले तर बिल दाखवा. विकत घेतला तरी एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सिग्नलवर चालत नाही, तेव्हा कंपनी बदलायचा विचार असेल तर हा खर्च पुन्हा धरा.

बॉक्स परत करताना रिमोट, अडॅप्टर आणि केबल सगळं द्या, आणि ‘मिळालं’ अशी सही किंवा मेसेज घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. डिपॉझिट अडकण्याची बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात: बॉक्स दिला, पण दिल्याचा पुरावा नाही.

नातेवाइकांच्या बिलाशी तुलना करतानाही सांभाळा. पूर्वी नेटवर्क फीला, म्हणजे चॅनेलच्या किमतीशिवाय सिग्नल पोचवण्यासाठी दरमहा लागणाऱ्या फीला, 130 रुपये अधिक कर अशी मूळ कमाल मर्यादा होती. जुलै 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे या क्षेत्राच्या सरकारी नियामक संस्थेनं, ती मर्यादा काढली, बसवण्याच्या आणि चालू करण्याच्या फीवरचीही काढली. आता कंपनी प्रदेशानुसार वेगळा दर लावू शकते. तो दर जाहीर करणं मात्र तिच्यावर बंधनकारक आहे. कोल्हापूरच्या मेव्हण्याला जेवढं पडतं तेवढंच बेळगावच्या वडगावात पडेल असं नाही, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरचा आपल्या भागाचा दर बघा.

मराठी चॅनेलसाठी सीमेपलीकडचा पत्ता देणं

ही चूक खास आपल्याकडची. पिनकोड 590 नं सुरू झाला की कंपनी बहुधा कन्नड पॅक पुढे करते. मग कुणीतरी युक्ती सुचवतं, ‘चंदगडच्या मामाचा पत्ता घाल, मराठी पॅक लागतोय.’ पॅक लागतो, पण कनेक्शन कागदोपत्री महाराष्ट्रातल्या चंदगडात आणि छत्री (डिशचा अँटेना) बेळगावच्या शहापुरात. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात छत्रीचं तोंड हललं की तक्रार नोंदवायची कुठे? माणूस येणार चंदगडला. डिपॉझिट परत मागताना पत्त्याचा पुरावा जुळत नाही, तो वेगळा ताप.

त्याची गरजच नाही. फेब्रुवारी 2019 पासून चॅनेल एकेकटं निवडायची सोय आहे. आपला खरा पत्ता द्या आणि हवी ती मराठी चॅनेल नावानिशी जोडून मागा. घरातली पोरं कन्नड शाळेत जात असतील तर त्यांची दोन चॅनेलही ठेवा. नको असलेला पॅक काढायला सांगणं हा तुमचा अधिकार आहे. दरमहाचा खर्चच नको असेल तर डीडी फ्री डिश आहे: बॉक्स आणि छत्री एकदाच विकत घ्यायची, पुढे रिचार्ज नाही, आणि सह्याद्री दिसतं.

नाव आणि पत्त्याचा घोळ सिबिलमध्येही होतो. कर्नाटकातल्या कागदांवर आद्याक्षरं आणि नाव, महाराष्ट्रातल्या बँकेत पूर्ण नाव आणि आडनाव. जुन्या कागदांवर ‘बेलगाम’, 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’. पाटील आणि देसाई तर गल्लोगल्ली. त्यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या रिपोर्टमध्ये दिसण्याची शक्यता असते. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती सोडा. चूक दिसली तर त्या संस्थेकडे तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

मुलगा अमेरिकेत असेल तर

इथून इंजिनिअरिंग करून तिकडे गेलेल्या मुलांचे फोन येतात, ‘आई, टीव्ही कंपनी क्रेडिट चेक करतेय, डिपॉझिट मागतेय.’ तिकडे ते होऊ शकतं. तिथल्या केबल आणि सॅटेलाइट कंपन्या महागडा बॉक्स आधी देतात, बिल नंतर घेतात आणि मुदतीचा करार करतात, म्हणून पत बघतात. नव्यानं गेलेल्या मुलाची तिथे पतच तयार झालेली नसते. इथलं सिबिल तिथे चालत नाही. रिपोर्टमुळे डिपॉझिट मागितलं तर कंपनीला तसं कळवावं लागतं, आणि 60 दिवसांत तो रिपोर्ट फुकट मागवता येतो. मुदतीआधी करार मोडण्याची फी सही करण्याआधी विचारायची. तोवर कार्डावर महिन्याच्या महिन्याला चालणारं स्ट्रीमिंग घेतलं तर क्रेडिट चेकचा प्रश्नच येत नाही.

पैसे अडकलेच तर

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांकाशिवायची तक्रार झालीच नाही असं समजा. तिथे काम झालं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे) जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. कर्जाच्या हप्त्याबद्दल असेल तर आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी माहितीचा नंबर 14448.

टीव्ही कोल्हापुरात किंवा सावंतवाडीत घेतला असला तरी दावा लावायला तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. जाताना बिल घेऊन जा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे 27 असतील तर विक्रेत्याची ती नोंदणी महाराष्ट्रातली, 29 असतील तर कर्नाटकातली. अर्जात विक्रेत्याचं नाव आणि पत्ता बिलावर आहे तसाच घाला.