बालगृह बांधताय? काळी माती, तापता स्लॅब आणि लांबचा संडास: या चुका टाळा

बालगृहाचा, म्हणजे अनाथ-निराधार मुलांच्या निवासी संस्थेचा, नकाशा घेऊन येणारी मंडळी बहुतेक एकाच कागदावरून निघालेली असतात: बाल न्याय आदर्श नियम, २०१६ मधली खोल्यांची यादी. ५० मुलांसाठी १००० चौरस फुटांची दोन शयनगृहं, २५० चं स्वयंपाकघर, ८०० चं भोजनगृह, १२० ची समुपदेशन खोली, ५ न्हाण्या, ८ संडास, वगैरे. नोंदणी हवी तर ही यादी पाळावीच लागते, त्यात वाद नाही. पण ती किमान आहे, आणि कुठली खोली कुठे बसवायची हे ती सांगत नाही. तपासणीला टेप लावली की सगळं भरतं. मे महिन्यातल्या रात्री दोन वाजता त्याच इमारतीत लहान मूल जागं झालं, की काय चुकलं ते कळतं. पुढच्या चुका जळगाव, धुळे, नंदुरबारकडे इतक्या वेळा होतात की आता त्या रीतच वाटायला लागल्या आहेत.

खणलेली काळी माती जोत्यात भरणं

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती होते पैसे वाचवण्यासाठी. तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला जेवढी चांगली, तेवढीच भिंतीला वाईट. पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि दरवर्षी पुन्हा तेच करते.

अशा इमारतीची गोष्ट ठरलेली असते. भूमिपूजन एप्रिलमध्ये. जमीन दगडासारखी, भेगांत हात जाईल अशी. ठेकेदार सांगतो, ‘अप्पा, जमीन कडक शे,’ आणि तीन फुटांवर पाया थांबतो. पायातून निघालेली माती तिथेच पडलेली असते. मुरूम आणायचा तर डंपरचं भाडं, म्हणून तीच माती जोत्यात भरली जाते, वर पाण्याचे दोन पाईप सोडले की ‘भराव बसला’. दसऱ्याला उद्घाटन होतं आणि पहिलं वर्ष बरं जातं. दुसऱ्या पावसाळ्यात शयनगृहाच्या मधोमध फरशी उचलते आणि दार खाली घासायला लागतं. मग सुतार बोलावून दार खालून तासतात. उन्हाळ्यात जमीन आकसली की त्याच दाराखाली दोन बोटांची फट पडते, आणि त्या फटीतून विंचू आत येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, ती सिमेंटनं बुजवतात, पुढच्या वर्षी ती शेजारून निघते. चीर बुजवणं हा उपाय नाही. खाली माती हलते आहे तोवर वर कितीही लिंपा.

टाळायचं कसं? जागा पसंत पडली की तीन ठिकाणी तीन-तीन मीटरचे खड्डे घ्या आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. त्याच खड्ड्यातल्या मातीची फुगवण चाचणी करून घ्या. साधी आहे: बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती १०० मिलिलीटरच्या दोन काचनळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तास थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो आधार. पाण्यातली माती त्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वर आली असेल, तर साध्या पायाचा विचार सोडा. मुरूम दीड-दोन मीटरवर असेल तर पाया तिथपर्यंत न्या. त्याहून खोल काळी असेल तर अंडर-रीम पाईल, म्हणजे खालच्या टोकाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, फुगा दांड्याच्या अडीच पट व्यासाचा. वरचा बीम जमिनीला टेकवायचा नाही. खाली ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, नाहीतर फुगणारी माती बीमलाच उचलते. सेंट्रिंगवाला ही जागा हमखास मातीनं भरून टाकतो, कारण त्याला ते सोपं पडतं. त्या दिवशी तिथे हजर राहा.

जोत्यात फक्त मुरूम, १५ ते २० सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून ठोकलेला. बाहेर चहूबाजूंनी दीड मीटर रुंद फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे छताचं पाणी पायाशी मुरत नाही. ही पट्टी स्वच्छ ठेवली तर भिंतीला लागून साप-विंचूही दडत नाहीत. झाड मोठं झाल्यावर जेवढं उंच होईल, तेवढं अंतर भिंतीपासून ठेवा. काळ्या मातीत मुळं एका बाजूचा ओलावा ओढतात आणि भिंत त्या बाजूला बसते. सावलीच्या हौसेनं खिडकीखाली वड लावणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

जोतं ६० सेंटीमीटर उंच घेतलं तर रॅम्प १ ला १२ या उतारानं ७.२ मीटर लांब होतो. तेवढी लांबी नकाशात आधी धरा. शेवटी आठवलं की दोन मीटरची घसरगुंडी बनते, आणि चाकाची खुर्ची त्यावर कोणी चढवू शकत नाही.

संडास ‘वास येतो’ म्हणून लांब

ही दुसरी लाडकी चूक. मागच्या कुंपणाला लागून संडास-न्हाण्यांची रांग, शयनगृहापासून तीस-चाळीस पावलं, मध्ये उघडं अंगण.

आता सातपुड्यातल्या पाड्यावरून काल आलेलं सात वर्षांचं पोर घ्या. त्याची बोली पावरी, गृहमातेची मराठी. रात्री जाग आली तर बाहेर अंधार, वीज गेलेली, आणि कोणाला उठवायचं हे माहीत नाही. ते दाबून धरतं, मग अंथरूण ओलं होतं. सकाळी गादी सगळ्यांसमोर उन्हात पडते, बाकीची पोरं चिडवतात, आणि नोंदवहीत लिहिलं जातं की मूल अंथरूण ओलं करतं, समुपदेशन हवं. ताणानं मुलं अंथरूण ओलं करतात हे खरं आहे, आणि समुपदेशन हवंच. पण आधी संडास जवळ हवा. पावसाळ्यात त्याच वाटेवर मण्यार असते, ती रात्रीचीच फिरते. मोठी मुलं लहानांना त्रास देतात तेही बहुतेक अशाच, कोणाच्या नजरेत नसलेल्या कोपऱ्यात.

वास अंतरानं जात नाही. पुरेसं पाणी, भांड्याखालचा पाणी अडवणारा वाक आणि छतावर गेलेला वायुनळ, या तिन्ही गोष्टी असतील तर संडास भिंतीपलीकडे असला तरी चालतो.

आमची पद्धत अशी: संडास शयनगृहाच्याच छताखाली, व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यात लांबच्या पलंगापासून दहा-बारा मीटरच्या आत. गृहमातेची खोली शयनगृह आणि संडास यांच्या मध्ये, तिच्या खिडकीतून व्हरांडा दिसेल अशी. काळजीवाहकाची खोली फाटकापाशी ठेवली तर तो माणूस चौकीदार होतो. व्हरांड्यात इन्व्हर्टरवरचा लहान दिवा रात्रभर. संडासाचं दार बाहेर उघडणारं, कारण आत मूल चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार अडतं. कडी मुलाच्या हाताला येईल अशी, आणि बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी. कॅमेरा व्हरांड्यात चालेल. न्हाणी, संडास, कपडे बदलण्याची जागा इथे कुठेही नाही.

संख्येबद्दल: ५० मुलांना ५ न्हाण्या म्हणजे एकीला दहा मुलं. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं. उन्हाळ्यात सकाळची शाळा सातला असते, म्हणजे पहिलं पोर सव्वापाचच्याही आधी उठवायचं. आठ न्हाण्या बांधा, आणि बाहेर दहा नळांचा एक ओटा. खर्च फार वाढत नाही, सकाळची भांडणं मात्र कमी होतात.

मुलं वरच्या मजल्यावर, ऑफिस खाली

पाहुण्यांना सोयीचं पडतं म्हणून ऑफिस, बैठकीची खोली तळमजल्याला जाते आणि शयनगृह थेट स्लॅबखाली. जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि २१ अंश अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे भिंतीपेक्षा छत तापतं. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि पोरं झोपायला जातात तेव्हा ती खाली सोडतो. जुन्या खानदेशी घरांवर मातीचा जाड धाबा असायचा तो उगाच नाही.

शयनगृह तळमजल्यावर, वर वाचनालय, कार्यशाळा, भांडार. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम, खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर, पश्चिमेच्या भिंतीला जिना, भांडार, न्हाण्या. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फरशीचे तुकडे. ते परवडत नसेल तर दरवर्षी होळीच्या आधी चुन्याचे दोन हात. पत्रा टाकायचाच असेल तर खाली छत, मध्ये फूटभर हवा खेळती राहील अशी पोकळी, आणि दोन्ही टोकांना जाळी. नुसता पत्रा म्हणजे काय, हे दुपारी तीनला तिथे अर्धा तास बसून बघा.

कूलरबद्दल एकच: समोरची खिडकी उघडी नसेल तर तो खोली थंड करत नाही, दमट करतो. त्याची वायर वेगळी, अर्थिंग पक्कं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलेला. ओल्या हातानं कूलरला हात लावणारी मुलं असतातच. टाकी आठवड्याला रिकामी करून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

पाण्याचा हिशेब ‘बोअर आहे ना’ वर सोडणं

वसतिगृहाला माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. ५० मुलं आणि १० कर्मचारी म्हणजे ८१०० लिटर. पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात ४०,५०० लिटरची साठवण लागते, म्हणजे साधारण ४ बाय ४ बाय २.५ मीटरची जमिनीखालची टाकी. झाकणाला कुलूप. यावल-रावेरकडे केळीपट्ट्यात भूजल किती खोल गेलं आहे ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा, मग बोअरच्या भरवशाबद्दल बोलू. ७०० मिलिमीटर पावसात ३००० चौरस फूट छतावरून साधारण दीड लाख लिटर पाणी मिळतं. ते काळ्या मातीत सोडू नका. टाकीत किंवा पुनर्भरणाला न्या.

सेप्टिक टाकीचा शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही, पाणी मुरतच नाही आणि पावसाळ्यात उलट वर येतं. मुरूम असेल तिथे घ्या, विहीर-बोअरपासून किमान १८ मीटर लांब. मैला उपसणारी गाडी टाकीपर्यंत जाईल असा साडेतीन मीटरचा रस्ता सोडा. तो सोडायचं हमखास विसरतात आणि मग कुंपणाची भिंत फोडतात.

बाकीच्या, थोडक्यात

कुंपणाला मोगली एरंड लावू नका. बिया चवीला गोडसर लागतात, मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. पिवळी कण्हेर तर त्याहून वाईट, ती हृदयावर जाते. मेंदी लावा.

जिन्याच्या कठड्याला आडव्या पट्ट्या म्हणजे शिडीच. उभे गज, मधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी.

खिडक्यांना ग्रील हवं, पण शयनगृहाला दोन दारं हवीत आणि एका ग्रीलला आतून उघडणारं पान. त्याची किल्ली गृहमातेकडे, ऑफिसच्या कपाटात नाही.

स्वयंपाकघर पूर्वेच्या बाजूला. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, धूर शयनगृहावर जात नाही. वास्तुवाले आग्नेय सांगतात, इथे त्यांच्याशी भांडायचं कारण नाही. सिलिंडर बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात.

समुपदेशन खोली ऑफिसच्या आतून जाणारी नको. मूल तिथे का गेलं हे वाट बघत बसलेल्या पाहुण्याला कळायचं कारण नाही.

पलंगांवर देणगीदारांची नावं रंगवू नका. त्या पलंगावर मूल झोपतं.

दान मिळालेली जागा गावापासून आठ किलोमीटरवर असेल तर आधी शाळा, दवाखाना आणि एसटीचा हिशेब करा. नदीकाठची असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय सही करू नका.

मैदान ‘नंतर बघू’ म्हणून राहिलं की ते कधीच होत नाही, आणि काळ्या मातीवर पावसाळ्यात चार महिने खेळ बंद पडतो. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, कबड्डीचं १३ बाय १०. इमारत कुठे ते ठरवायच्या आधी या दोन चौकटी नकाशावर आखा. खो-खोच्या चौकटीवर १५ सेंटीमीटर दाबलेला मुरूम हवा तर हिशेबानं २३ ब्रास होतो (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). रोलर फिरल्यावर तो बसतो, म्हणून ३० ब्रास मागवा. मोठे खडे वेचून घ्या आणि १०० ला १ उतार काढा. मुरूम जोत्याच्या भरावाबरोबरच आणला तर डंपर एकदाच बोलवावा लागतो.