लिनक्स लॅपटॉपवर विंडोजचा गेम नीट दिसत नसेल, तर तपास कसा करावा

गेम सुरू होतो, पार्श्वसंगीत ऐकू येते, पण पडदा काळाच राहतो. किंवा चित्र उमटते, पण पात्रांचे चेहरे गायब असतात, नाहीतर सगळे अडखळत सरकते. अशा वेळी मिळेल ती सेटिंग बदलत सुटण्याआधी चित्र पडद्यावर कोणत्या वाटेने येते, हे समजून घ्यावे. विंडोजचा गेम चित्र काढण्यासाठी बहुधा विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्स व्यवस्थेला हाक मारतो आणि लिनक्समध्ये ते नसते. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात आणलेले, वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) उभारलेले प्रोटॉन येथे दुभाष्याचे काम करते. त्यातील डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टथ्रीडी ९, १० व ११ यांच्या सूचना व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स व्यवस्थेच्या सूचनांमध्ये बदलतो, तर व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा भाग १२ व्या आवृत्तीचे काम पाहतो. त्याखाली ग्राफिक्स ड्रायव्हर (चिपशी बोलणारे सॉफ्टवेअर) आणि सर्वांत तळाशी ग्राफिक्स चिप असते. तपास तळापासून वर करावा, कारण ड्रायव्हरच जागेवर नसेल तर वरच्या थरांत केलेला कोणताही बदल वाया जातो.

प्रथम टर्मिनलमध्ये ‘व्हल्कनइन्फो’ ही आज्ञा ‘समरी’ या पर्यायासह चालवावी. ती नसल्यास उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ‘व्हल्कन-टूल्स’ हे पॅकेज बसवावे. उत्तरात यंत्रातील सर्व ग्राफिक्स उपकरणांची नावे येतात. तेथे फक्त ‘एलएलव्हीएमपाइप’ हेच नाव दिसले, तर चित्र काढण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडत आहे असे समजावे. मग गेममधील दर्जा कितीही कमी केला तरी फारसा फरक पडणार नाही.

इंटेलच्या जोडीला एनव्हिडियाची वेगळी चिप असलेल्या लॅपटॉपवर घोळ बहुतेकदा येथेच असतो. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा चालवल्यावर ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असे उत्तर आले, तर ड्रायव्हर बसला आहे, पण कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) तो उचललेला नाही, अशी शक्यता मोठी असते. सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असताना उबुंटू ड्रायव्हर बसवतेवेळी एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो, त्यावर ‘एनरोल मॉक’ हा, ड्रायव्हरची खात्री पटवणारी किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण घाईत पहिलाच पर्याय दाबून पुढे जातात, किल्लीची नोंद राहून जाते आणि ड्रायव्हर कायम बाहेर राहतो. ‘मोकयुटिल’ या आज्ञेच्या साहाय्याने ही नोंदणी पुन्हा मागता येते. सिक्युअर बूट बंद करणे हाही मार्ग आहे. पण नोंदणी दोन मिनिटांत होत असताना तो का पत्करावा?

नवे गेम चालतात आणि जुनाच तेवढा व्हल्कन सापडत नसल्याची तक्रार करतो, असे असेल तर ३२ बिट लायब्ररी तपासाव्यात. जुने गेम बरेचदा ३२ बिट असतात आणि त्यांना ड्रायव्हरचीही ३२ बिट प्रत लागते. इंटेल व एएमडीसाठी ती मेसा या खुल्या ड्रायव्हर-संचाच्या व्हल्कन पॅकेजच्या ‘आय३८६’ रूपात मिळते. एनव्हिडियाच्या बाबतीत दोन्ही प्रतींचा आवृत्ती क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे.

एवढे झाल्यावर गेमकडे वळावे. स्टीममध्ये गेमच्या गुणधर्मांत ‘लाँच ऑप्शन्स’ची चौकट असते. तेथे ‘डीएक्सव्हीके’ आणि ‘हड’ ही अक्षरे इंग्रजी कॅपिटलमध्ये, मधे अंडरस्कोअर देऊन लिहावीत. पुढे बरोबरचे चिन्ह आणि १, मग एक जागा सोडून दोन टक्के चिन्हांच्या मधोमध लहान लिपीत ‘कमांड’ हा शब्द लिहावा. गेम सुरू होताच डाव्या वरच्या कोपऱ्यात चिपचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि दर सेकंदाच्या चित्रचौकटींची (फ्रेमची) संख्या दिसू लागते. नाव अपेक्षित चिपचे नसेल, तर दोष चिपच्या निवडीत आहे. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये स्टीमच्या चिन्हावर उजवी क्लिक करून वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर सुरू करण्याचा पर्याय घ्यावा. कोपऱ्यात काहीच उमटले नाही, तर तो गेम डीएक्सव्हीकेतून जात नसावा.

जुन्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. २०२२ च्या अखेरीस आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ आवश्यक झाले आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या व त्याआधीच्या चिपना ते पेलत नाही. गुणधर्मांतील ‘कम्पॅटिबिलिटी’ भागातून प्रोटॉन ७ निवडून पाहावे. तेही जमले नाही, तर ‘प्रोटॉन’, ‘युज’ आणि ‘वाइनडी३डी’ हे तीन शब्द वरच्याच पद्धतीने लिहून १ द्यावे, म्हणजे भाषांतर व्हल्कनऐवजी ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेत होते. वेग घटतो, पण चित्र दिसते.

काही लक्षणे स्वतःच कारण सांगतात. कथेतील चित्रफितीच्या जागी जुन्या दूरदर्शनसारखे रंगीत उभे पट्टे दिसले, तर ग्राफिक्स ठीक असून केवळ व्हिडिओचा कोडेक (चित्रफीत उलगडणारा भाग) अडलेला असतो. ‘जीई-प्रोटॉन’ ही स्वयंसेवकांनी राखलेली प्रोटॉनची आवृत्ती तेथे उपयोगी पडते. नवा प्रदेश प्रथम पाहतानाच झटका बसत असेल, तर शेडर (चिपवर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) त्या क्षणी तयार होत असतात आणि थोड्या खेळानंतर त्रास ओसरतो. स्टीम फ्लॅटपॅक या स्वतंत्र पॅकेज-पद्धतीने घेतले असेल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर गेम बिघडले असतील, तर फ्लॅटपॅकही अद्ययावत करावे, कारण त्यातील ड्रायव्हरची प्रत वेगळी असते.

तरीही उलगडा झाला नाही, तर ‘प्रोटॉन’ आणि ‘लॉग’ हे शब्द त्याच रीतीने लिहून गेम एकदा चालवावा. होम फोल्डरमध्ये ‘स्टीम’ या शब्दाने सुरू होणारी, गेमच्या क्रमांकाची नोंदवही तयार होते, तीत ‘एर’ ही त्रुटीची खूण असलेल्या ओळी शोधाव्यात. शेवटचा उपाय म्हणजे स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ या फोल्डरमधील त्या गेमचे फोल्डर काढून टाकणे, पुढच्या वेळी ते नव्याने तयार होते. मात्र जतन केलेला खेळ अनेकदा त्याच फोल्डरमध्ये असतो, म्हणून ते न पुसता त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावे.