अनेक रेडिओ चॅनेल वापरून सेन्सरचा संदेश मुदतीत कसा पोहोचवावा

माहुल-चेंबूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात वायुगळती होताच एका सेकंदाच्या आत भोंगा वाजायला हवा, असे धरून बारा सेन्सर नोडचे बिनतारी जाळे उभारू. यंत्रणा बंद करण्याची मुख्य सोय मात्र तारेवरच असावी. जीविताचा प्रश्न असताना त्यात तडजोड नको.

अशा कमी शक्तीच्या बिनतारी जाळ्यांसाठीच्या आयईईई ८०२.१५.४ मानकात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ११ ते २६ क्रमांकाचे सोळा चॅनेल असतात. चॅनेल वाढवले की वेळही त्याच प्रमाणात वाचेल, ही समजूत चुकीची आहे, कारण एकच रेडिओ असलेला सिंक नोड (सर्वांचे संदेश गोळा करणारा नोड) एका वेळी एकच पॅकेट घेऊ शकतो. प्रत्येक नोडचे एक पॅकेट गोळा करायला, चॅनेल पुरेसे असले तरी, किमान बारा स्लॉट, म्हणजे एका प्रसारणापुरते वेळेचे तुकडे, लागतातच. बाराही नोड एका सरळ रांगेत ठेवून संदेश एकाकडून दुसऱ्याकडे देत सिंकपर्यंत नेल्यास ते तेवीस होतात. चार-चार नोडच्या तीन फांद्या केल्यास बारात भागते. म्हणून चॅनेलची वाटणी करण्याआधी फांद्या समतोल कराव्यात.

स्लॉट साधारणपणे दहा मिलिसेकंदांचा असतो. प्रत्येक प्रसारणाला लागूनच फेरप्रयत्नाचा एक स्लॉट द्यावा, म्हणजे चोवीस होतात, आणि घड्याळे जुळवणाऱ्या बीकनसाठी आणखी एक. या पंचवीस स्लॉटच्या चक्राला २५० मिलिसेकंद लागतात. नोडची पाळी नुकतीच हुकली असताना गळती झाली, तरी एक चक्र थांबण्याचे आणि एक पोहोचण्याचे धरून अर्ध्या सेकंदात संदेश येतो. उरलेला अर्धा सेकंद आणखी दोन चक्रे वाया गेली तरी पुरतो.

आसपासचे वाय-फाय राउटर वाय-फायच्या १, ६ आणि ११ या चॅनेलवर असतील, तर आपल्या सोळांपैकी १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल बऱ्यापैकी मोकळे मिळतात. मुंबईच्या दाट वस्तीत हे गृहीत न धरता प्रत्यक्ष जागेवर, कामाच्या वेळी, मोजून पाहावे. चालू स्लॉटच्या, जाळे सुरू झाल्यापासून सलग मोजलेल्या, क्रमांकात त्या दुव्याचा (दोन नोडमधल्या जोडणीचा) ठरावीक आकडा मिळवून, बेरजेला चारने भागून उरलेल्या बाकीवरून चॅनेल निवडावा. चक्राची लांबी आणि चॅनेलची संख्या यांना सामाईक विभाजक नसावा. पंचवीस आणि चार चालतात, पण चोवीस घेतल्यास दुव्याचा प्रत्येक स्लॉट कायम एकाच चॅनेलवर अडकतो. फेरप्रयत्न पुढच्याच स्लॉटमध्ये असल्याने तो आपोआप दुसऱ्या चॅनेलवर जातो. लोखंडी टाक्या आणि पाइपांच्या गर्दीत याचे मोल मोठे आहे, कारण परावर्तनामुळे एका चॅनेलवर बुडालेला सिग्नल दुसऱ्यावर स्वच्छ मिळू शकतो आणि अँटेना काही सेंटिमीटर सरकली तरी चित्र बदलते.

दोन नोडच्या, घड्याळ चालवणाऱ्या स्फटिकांत दशलक्षात चाळीस भागांचा फरक असल्यास घड्याळे पंचवीस सेकंदांत एक मिलिसेकंद सरकतात, त्यामुळे बीकन त्यापेक्षा बरेच आधी मिळत राहायला हवेत.

चाचणीत सरासरी विलंबावर समाधान मानू नये. सर्वांत उशिरा आलेले पॅकेट आणि मुदत चुकलेल्या पॅकेटांचे प्रमाण, चॅनेलनिहाय वेगळे, नोंदवावे आणि सतत मार खाणारा चॅनेल यादीतून काढून चक्राची लांबी पुन्हा तपासावी.