घरातल्या लहानपणीच्या लैंगिक अत्याचारावर ऑडिओ डॉक्युमेंटरी करताय? आधी हे वाचा

माइक नंतर घ्या, आधी जिच्यावर हे बेतलंय तिच्याशी रेकॉर्डिंग बंद ठेवून निवांत बोला (मुलगाही असू शकतो, हे आपल्याकडे सोयीस्कर विसरतात). कुठपर्यंत सांगायचं, नावं घ्यायची का, ऐकणार कोण, हे सगळं तिनेच ठरवायचं आणि एकदा हो म्हणाली म्हणजे कायमचं हो असं धरायचं नाही, एडिट झाल्यावर पूर्ण ऐकवायचं आणि तेव्हाही नको म्हणाली तर काम तिथेच थांबवायचं, "एवढी मेहनत केली" हे तोंडातून काढायचं नाही.

अत्याचार करणारा माणूस अजून घरी येतो का, लहान मुलं त्याच्या आसपास असतात का? असतील तर डॉक्युमेंटरी राहू दे, आधी मुलांना त्याच्यापासून लांब करा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ प्रमाणे मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गोष्ट खूप जुनी असेल तर रेकॉर्डिंगआधीच वकिलाला विचारा. ओळख पटेल असं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, नाव तर नाहीच, पण शाळा, गल्ली, नातंसुद्धा नाही. सज्ञान बाईला स्वतःच्या नावाने बोलायचं असेल तर तिची परवानगी लेखी घ्या. नुसता पिच बदलून आवाज लपत नाही, नातेवाईक बोलायच्या लकबीवरून ओळखतात, त्यापेक्षा तिचे शब्द दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

आता घरच्यांच्या मुलाखती, खरं कठीण काम हेच. प्रत्येकाला एकेकटं बसवा, आई आणि मावशी एकत्र बसल्या की एकीचं बघून दुसरी गप्प होते. "तेव्हा का नाही सांगितलंस?" हा प्रश्न कोणालाच विचारू नका, तो दोष देतो. त्याऐवजी "ती त्या सुट्टीत कशी वागत होती?", "तिने मामाकडे जायला नकार दिला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" असं विचारा. आई आधी म्हणेल, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरायचं", लगेच वाद घालू नका, गप्प बसा, पदराशी चाळा करत ती पुढे जे बोलते ते बहुतेक वेळा खरं असतं. "आपल्या घरात असं होणारच नाही" असं कोणी म्हणालं तर केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीबद्दल सांगा, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं आणि निम्मे अत्याचार करणारे ओळखीचे किंवा विश्वासातले होते.

तांत्रिक बाजू सोपी आहे. पंखा आणि फ्रिज बंद, गाद्या-उशा असलेली खोली, कॉलर माइक, बांगड्या काढून ठेवायला सांगा, वेव्ह फाइल ४८ किलोहर्ट्झला, आणि शेवटी कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्या, एडिटला लागतो. फाइल्सना पासवर्ड लावा, फॅमिली ग्रुपवर एकही क्लिप टाकू नका.

आरोप ज्याच्यावर आहे त्याला सगळ्यांसमोर जाब विचारायचा सीन हवाच असं अजिबात नाही. तिला तसं हवं असेल तरच, तिच्यासोबत कोणीतरी असताना, आणि चोरून रेकॉर्डिंग करायचं नाही.

एपिसोड बाहेर पडला की फोन वाजायला लागतील, आत्या रडेल, काका दमदाटी करेल. तिचा फोन त्या दिवशी कोण उचलणार आणि तिच्याजवळ कोण थांबणार हे आधीच ठरवून ठेवा, आणि एपिसोडच्या सुरुवातीलाच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगा, कारण ऐकणाऱ्यांमधल्या कोणालातरी तो मध्येच लागू शकतो.