मोबाइलच्या कॅमेऱ्याने बेसबॉलची फेक मोजताना

रत्नागिरी-मालवणकडच्या ज्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेशिवाय पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, फेकीचा अभ्यास करायचा आहे, त्याने काय मोजायचे नाही हे आधी ठरवावे. फेकीच्या क्षणी खांदा आतल्या बाजूस सेकंदाला सुमारे 7000 अंश या वेगाने फिरतो. त्यामुळे सेकंदाला 240 फ्रेम टिपणाऱ्या फोनच्या लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये तो जवळजवळ 29 अंश पुढे गेलेला असतो. खांद्याचा वेग आणि कोपरावरचा ताण हे विषय म्हणूनच सोडून द्यावेत. पुढच्या पावलाची लांबी, ते पाऊल टेकताना आणि चेंडू सुटताना गुडघ्यात असलेला कोन, हे मात्र फोनवर नीट मोजता येते.

जागा निवडताना पुळणीचा मोह टाळावा. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट वाटली तरी टाच रुतते आणि गुडघ्याचा कोन बदलतो. त्यापेक्षा जांभ्याच्या मुरमाचे मैदान बरे. पिचर ज्यावरून चेंडू फेकतो तो नियमातला उंचवटा 10 इंचांचा असतो, तेव्हा सपाट जमिनीवर फेक घेतल्यास अहवालात तसे स्पष्ट लिहावे. चेंडूही बेसबॉलचाच, म्हणजे 142 ते 149 ग्रॅमचा असावा. टेनिस बॉलवर घेतलेली मापे हा वेगळाच अभ्यास होईल.

उजव्या हाताने फेकणाऱ्याने लक्ष्याकडे तोंड केल्यावर जी त्याची डावी बाजू येते, तिकडे आठ-दहा मीटरवर, कमरेच्या उंचीला, फेकीच्या रेषेशी काटकोनात फोन तिपाईवर लावावा. पुढच्या पायाच्या बाहेरील खुणा तिथूनच दिसतात. फेकीच्या रेषेतच एक मीटरची काठी धरून तिचे चित्रण आधी करावे, कारण पुढची सर्व लांबी तिच्यावरूनच काढायची असते. कंबर, गुडघा आणि घोटा यांवर खुणेची चिकटपट्टी लावण्यापूर्वी त्वचेवर पेनाने ठिपका द्यावा. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी पाचव्या फेकीपर्यंत टिकली तर नशीब. ढगाळ दिवशी हलणारा पाय पुसट उमटतो, म्हणून पावसाळा टाळणे इष्ट. अल्पवयीन खेळाडूच्या पालकांची लेखी संमती घ्यावी.

पावलाची लांबी खेळाडूच्या उंचीने भागावी, म्हणजे उंच आणि बुटक्या मुलांची तुलना करता येते. त्याच चित्रफिती आठवड्याने, जुने आकडे न पाहता, पुन्हा मोजाव्यात. दोन मोजण्यांत गुडघ्याचा कोन चार अंशांनी हुकत असेल, तर दोन खेळाडूंमधला तीन अंशांचा फरक निष्कर्षात लिहू नये.