बाळंतपणानंतर पोटावरची सौंदर्यशस्त्रक्रिया: निवड कशी करावी

बाळंतपणानंतर पोट पुढे आलेले राहते, त्यामागे साठलेली चरबी, ताणून सैल पडलेली त्वचा किंवा मधल्या रेषेपासून दूर सरकलेले पोटाचे उभे स्नायू, यांपैकी एक किंवा अनेक कारणे असतात. आपल्या बाबतीत नेमके काय झाले आहे हे कळल्याशिवाय शस्त्रक्रियेची निवड करण्यात अर्थ नाही, कारण एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

स्नायूंमधले अंतर घरीच ढोबळमानाने तपासता येते. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, डोके आणि खांदे किंचित उचलावेत आणि बेंबीच्या वर व खाली मधल्या रेषेवर बोटांची टोके दाबून पाहावीत. दोन बोटांहून रुंद फट लागली, किंवा उठताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा दिसला, तर स्नायू विलग झाल्याची शक्यता असते. वैद्यकीय भाषेत याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. बेंबीपाशी खोकताना फुगणारी गाठ असल्यास तो हर्निया असू शकतो, म्हणून डॉक्टरांकडून तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून घ्यावी. चिमटीत येते ती त्वचा आणि तिच्या लगतची चरबी. आतड्यांभोवतीची चरबी चिमटीत येत नाही आणि पोटावरच्या कोणत्याही सौंदर्यशस्त्रक्रियेने निघतही नाही. पोट पुढे दिसण्याचे मुख्य कारण ही आतली चरबी असेल, तर आहार आणि व्यायाम हाच मार्ग उरतो.

घाई मात्र करू नये. प्रसूतीनंतर किमान सहा महिने, आणि शक्य तर वर्षभर थांबावे, कारण या काळात स्नायूंमधले अंतर आपोआप बरेच कमी होऊ शकते आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचाही उपयोग होतो. स्तनपान थांबून काही महिने झालेले असावेत आणि वजन स्थिर असावे. पुढे आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे शहाणपणाचे. नंतरची गर्भधारणा सहसा धोक्याची नसली तरी घट्ट केलेले पोट पुन्हा सैल पडू शकते. सिझेरियनच्या वेळीच पोटाचे कामही उरकून घ्यावे, अशी कल्पना अनेकींच्या मनात येते. पण त्या वेळी गर्भाशय मोठे असते, त्वचेला सूज असते आणि रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो, त्यामुळे ती सोडून दिलेली बरी.

त्वचा घट्ट आणि स्नायू जागेवर असून केवळ ठिकठिकाणी चरबी असेल, तर लायपोसक्शन पुरते. लहान छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेतली जाते, पण सैल त्वचा त्याने आवळत नाही, उलट आतला भराव गेल्यामुळे ती अधिक लोंबू शकते. बाळंतपणानंतरच्या पोटासाठी सरसकट लायपोसक्शन सुचवले गेले, तर कारण जरूर विचारावे.

सैलपणा बेंबीच्या खालीच असेल तर मिनी टमी टक, म्हणजे आखूड छेद घेऊन तेवढ्याच भागातील त्वचा काढणे, पुरेसे ठरते. त्वचेबरोबर स्नायूही वरपासून खालपर्यंत विलग झाले असतील, तर पूर्ण ॲब्डोमिनोप्लास्टी, म्हणजे पूर्ण टमी टक, करावी लागते. यात ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेऊन स्नायू मधोमध टाक्यांनी जवळ आणले जातात, जादा त्वचा काढली जाते आणि बेंबीसाठी नवे छिद्र केले जाते. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क्स त्वचेबरोबर बरेचसे जातात, वरचे राहतात. व्रण कायमचा असतो. तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्वचा चांगली असून फक्त स्नायूंचा प्रश्न असल्यास काही ठिकाणी दुर्बिणीतूनही ते जोडले जातात.

धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान चार ते सहा आठवडे आधी बंद करावे, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेच्या कडेची त्वचा मरू शकते. आपण घेत असलेली सगळी औषधे, गर्भनिरोधक गोळ्यांसह, सर्जनला सांगावीत.

पूर्ण ॲब्डोमिनोप्लास्टी भूल देऊन होते आणि तिला साधारण दोन ते चार तास लागतात. नंतर काही दिवस द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या असू शकतात, कित्येक आठवडे पोटाला पट्टा बांधावा लागतो आणि सुरुवातीला किंचित वाकून चालावे लागते. सगळ्यांत अवघड अट म्हणजे सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलता येत नाही, आणि त्यात मूलही आले. मुलाला उचलणे, अंघोळ घालणे, झोपवणे हे त्या काळात कोण करणार, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी घरात नक्की करावे.

त्वचेखाली पाणी साठणे, जंतुसंसर्ग, छेदाच्या वरच्या त्वचेचा बधिरपणा हे धोके असतात, पण सर्वांत गंभीर धोका पायातील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आहे, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकरात लवकर उठून चालू लागावे. एकाच पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे असे काही झाल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.